दोन वाजताचा चार्ज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावर बसलेल्या मेट्रन मॅडम, मनोविकार विभागाचे डॉक्टरसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मोठ्या सिस्टर, समोर बसलेल्या सिस्टर आणि ब्रदर, वॉर्डातले मामा, मावशी, आणि मागच्या खुर्च्यांवर डब्याच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले माझे नातेवाईक बंधू-भगिनी... नातेवाईक म्हणजे माझे नव्हेत, पेशंटचे. पण वॉर्डाबाहेरच्या त्या बाकावर चार दिवस बसलं की सगळे एकमेकांचेच होतात. तर सर्वांना माझा नमस्कार.

नातेवाईकांच्या वतीनं कुणीतरी दोन शब्द बोलावेत, असं मेट्रन मॅडमनी आईला कळवलं होतं. आई म्हणाली, "मला नाही जमायचं. माझ्या पोराला बोलवा. त्याचं बाकी काही चालत नाही, तोंड तेवढं चालतं." म्हणून मी आलो. दोन दिवसांचा प्रवास करून आज सकाळी उतरलो. मी बंदरावर काम करतो. जहाजं दुरुस्तीला आली की त्यांच्या पोटाला रंग देणारी माणसं ज्या फळ्यांवर उभी राहतात, त्या परांच्या मी दोरानं बांधतो. शिक्षण विचाराल तर सातवीत दोनदा बसलो, आणि दोन्ही वेळा उठलो. भाषण मी कधी केलेलं नाही, म्हणून लिहून आणलंय. पाच मिनिटं दिलीत, पानं सहा झालीत. अध्यक्ष महोदयांनी घंटी वाजवली तरी चालेल. आमच्या कामात कुणी वरून ओरडलं तरी हातातली गाठ पुरी केल्याशिवाय दोर सोडायचा नसतो, ती सवय आहे.

आता सिस्टरांचं कौतुक करायचं, त्यांना निरोप द्यायचा, एवढंच माझं काम. पण आज सकाळी घरातून निघताना आईनं मला आणखी एक काम सांगितलं. चप्पल घालता घालता म्हणाली, "त्या बाई आज चालल्या. उद्यापासून कुणाला विचारू? तू स्टेजवर असशील. सगळ्यांसमोर विचार, माझ्या माणसाला मारकुटा म्हणून कुणी लिहिलं? नाव सांगा म्हणावं. जाता जाता तरी सांगा."

आई तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसली आहे. प्रश्न मी विचारणार आहे आई, विसरलो नाही. पण शेवटी विचारतो. आधी सभेला सगळं ठाऊक व्हायला हवं, नाहीतर अर्ध्यांना वाटेल हा निरोप द्यायला आलाय की भांडायला.

माझे वडील बॉयलरवर होते. कारखान्यात एकतीस वर्षं, पहिली पाळी, सकाळी सहा ते दुपारी दोन. तुमच्यापैकी बॉयलर किती जणांनी पाहिलाय? बाहेरून तो नुसता पाइप लावलेला मोठा पिंप दिसतो. त्याच्या पुढ्यात एक काचेची नळी असते, तिच्यात आतलं पाणी दिसतं. शेजारी दाबाचा काटा. दर तासाला काच बघायची, काटा बघायचा, वहीत लिहायचं. पाणी खाली गेलं आणि लक्ष नसलं, तर बॉयलर फुटतो, शेड राहत नाही आणि शेडमधली माणसंही राहत नाहीत. म्हणून त्या धंद्यात एक नियम आहे. दुसऱ्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिला पाहिजे. त्याला काच दाखवायची, काटा दाखवायचा, त्यानं "चार्ज घेतला" असं तोंडानं म्हणायचं, वहीत सही करायची. मगच जागा सोडायची. तो आला नाही तर घरी जायचं नाही. घरात लग्न असो की मयत.

बाबा एकदा सलग तीन पाळ्या उभे होते. दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा आईनं विचारलं, "जेवलात का?" तर म्हणाले, "रिलिव्हर आला नाही." त्यांच्या दृष्टीनं ते उत्तर होतं.

त्यांनी मलाही तिथं चिकटवलं होतं, मदतनीस म्हणून. मी अकरा दिवस टिकलो. बाराव्या दिवशी भर पाळीत राख टाकायला म्हणून बाहेर पडलो, तो थेट बस पकडून दुसऱ्या गावी. आई म्हणते, माझ्या पायाला भिंगरी आहे. बाबांनी वहीत लिहिलं, "मदतनीस जागा सोडून गेला." ती ओळ मी खूप उशिरा वाचली. त्यानंतर मी हॉटेलात होतो, ट्रकवर होतो, वेल्डरच्या हाताखाली होतो, मग बंदरावर. कुठूनही निघताना मी कधी कुणाला सांगून निघालो नाही.

कारखाना बंद झाला आणि दोन-तीन वर्षांत बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. डॉक्टरसाहेब त्याला डिमेन्शिया म्हणतात. आई म्हणायची, "हे आतून रिकामे होत चाललेत, फक्त बॉयलर तेवढा शिल्लक आहे." ते घरातून निघायचे आणि कारखान्याच्या कुलूप लावलेल्या फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. आई त्यांना शोधून आणायची. खालच्या मजल्यावरच्या काकू मदत करायच्या. आई बाजारात गेली की त्या आमच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. दोन बायका आणि एक म्हातारा, असं ते दीड वर्ष चाललं. मी कुठं होतो? मी फोनवर होतो.

सिस्टर, मी कौतुकाकडेच येतोय. थोडा धीर धरा.

एक दिवस आईचा फोन आला. एरवी ती रडत नाही, त्या दिवशीही रडली नाही. म्हणाली, "मी तीन रात्री झोपले नाही रे. आता माझा हात थरथरतोय, चहाचा कप धरवत नाही. काहीतरी कर." मी दुपारच्या सुट्टीत इथं रुग्णालयात फोन लावला. मागे जनरेटर धडधडत होता. इथल्या क्लार्कनं फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न विचारायला लागला. वय काय, झोप कशी, जेवण कसं. मग विचारलं, "मारहाण करतात का?" मी म्हणालो, "छे छे, नाही." तो म्हणाला, "मग तीन महिन्यांनी फोन करा. खाटा भरलेल्या आहेत. अंगावर जाणाऱ्यांना आधी घेतो."

क्लार्कची चूक म्हणत नाही मी. खाटा मोजक्या, माणसं अफाट, त्यानं तरी काय करावं? पण मंडळी, एक विचारू? खाट मिळायला माणूस मारकुटा असावा लागत असेल, तर घरचे लोक फोनवर काय सांगतील?

एवढं झाल्यावर दोन दिवसांत बाबांना खाट मिळाली. ती कशी मिळाली, ते आईला आजतागायत कळलेलं नाही.

तिनं एकटीनं त्यांना इथं आणलं. माझी सुट्टी मंजूर नव्हती, म्हणजे मी मागितलीच नव्हती. दाराशी बाबांचा हात धरून ती आत जायला लागली, तर ड्यूटीवरच्या सिस्टरनी तिला अडवलं. "मावशी, तुम्ही नाही. पेशंट तुम्हाला मारतात अशी नोंद आहे. तुम्हाला लांबूनच बघावं लागेल, चार ते पाच, दारातून."

आई म्हणाली, "कोण मारतं? हे? मला?"

"नोंद आहे मावशी."

"अहो, माझ्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. या माणसानं माझ्यावर आवाज चढवला नाही. बघा, हात बघा, पाठ बघा, कुठं वळ दिसतोय का?"

तेव्हा त्या सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्या बायका असंच म्हणतात हो."

आता यात त्या तरी कुठं चुकल्या? कागदावर जर लिहिलंय, नवरा बायकोचा हात मोडता मोडता राहिला, तर चांगली नर्स त्या बाईला आत सोडेल का? नाही सोडणार. तिला वाचवायलाच बाहेर ठेवेल. आई वॉर्डासमोरच्या बाकावर बसली. सकाळी आठला यायची, पाचला जायची. पिशवीत बाबांची लॉगबुकं, म्हणजे त्या बॉयलरच्या वह्या, त्यांची पेन्सिल, धुतलेला सदरा. पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही.

आणि आत काय चाललं होतं? सकाळभर बाबा शांत असायचे. काच शोधत हिंडायचे. सलाइनची बाटली दिसली की तिच्यासमोर उभे राहून पाणी किती उतरलं ते बघायचे. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा दिसला की नखानं टिचकी मारायचे. वॉर्डातले मामा सांगतात, "म्हातारा माझ्यावर सुपरवायझर नेमलाय की काय, असं वाटायचं." एकदा त्यांचा हात सिलिंडरच्या चावीकडे गेला आणि सगळे धावत सुटले. धावायलाच हवं होतं.

पण खरी गडबड व्हायची दोन वाजता. तुमचीही ड्यूटी दोनलाच बदलते. सकाळच्या सिस्टर दुपारच्या सिस्टरना टेबलापाशी चार्ज देतात, कुठल्या खाटेला काय चाललंय ते वहीतून वाचून दाखवतात. बाबा ते ऐकायचे. लोक बदलतायत, वही उघडली आहे, दोन वाजलेत. मग ते टेबलापाशी जाऊन रांगेत उभे राहायचे. त्यांना त्यांचा चार्ज द्यायचा होता. कुणी घेत नव्हतं. "आजोबा, खाटेवर जा," म्हणायचे. आता तुम्ही सांगा, बॉयलर पेटता आहे, रिलिव्हर समोर उभा आहे, तो काच बघत नाही, सही करत नाही आणि वर म्हणतो जाऊन झोप. तुम्ही जाल?

ते वही ओढायचे. "काच बघ! आधी काच बघ!" म्हणून ओरडायचे. वहीसाठी झोंबाझोंबी व्हायची. फाइलवर आधीच "मारकुटा" लिहिलेलं होतं, त्याखाली रोज एक ओळ वाढत गेली. कर्मचाऱ्यांच्या अंगावर गेले. पुन्हा अंगावर गेले. मग दोनचं इंजेक्शन सुरू झालं. मग हात खाटेला बांधणारा पट्टा.

बाहेर बाकावर आईला तो आवाज ऐकू यायचा. ती उठून दारावरच्या माणसाला सांगायची, "अहो, ते चार्ज देतायत. कुणीतरी नुसतं 'घेतला' म्हणा हो." दारावरचा माणूस म्हणायचा, "बसा मावशी." जिच्याकडे औषध होतं ती बाई बारा पावलांवर बसली होती, आणि ती आत येऊ नये असं कागदावर लिहिलेलं होतं.

नवव्या दिवशी इंजेक्शननंतर पट्टा सोडल्यावर ते उठले, टेबलाकडे निघाले आणि पडले. उजवा खुबा मोडला.

मोठ्या सिस्टर त्या दिवसांत बाहेरगावी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. दहाव्या दिवशी परत आल्या. मामांनी मला सांगितलं, त्यांनी आधी फाइल वाचली नाही. आधी बाहेर बाकावर येऊन आईशेजारी बसल्या. म्हणाल्या, "ताई, दुपारी दोनला यांना काय होतं?"

दहा दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. आईनं पिशवी उघडून लॉगबुक त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, "त्यांची पाळी सुटते दोनला."

त्या दिवशी दोन वाजता आई वॉर्डात होती. कुणाच्या परवानगीनं, ते डॉक्टरसाहेबांनी आता विचारू नये, आज निरोपाचा दिवस आहे. बाबा खाटेवर पडल्या पडल्या मान वर करून टेबलाकडे बघत होते. मोठ्या सिस्टर त्यांच्या पायाशी येऊन ताठ उभ्या राहिल्या. आईनं शिकवल्याप्रमाणे म्हणाल्या, "काच?"

बाबा म्हणाले, "अर्ध्याच्या वर."

"काटा?"

"बरोबर."

"चार्ज घेतला," असं म्हणून सिस्टरांनी लॉगबुकात वेळ टाकली, सही केली. बाबांनी सही नीट बघितली. म्हणाले, "उशीर केलास." आणि डोळे मिटले. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं.

मी पोहोचलो अकराव्या दिवशी. चार दिवसांची रजा घेऊन. बाबांचं मनगट बघितलं. पट्ट्याचा वण होता. मी गाठी बांधून पोट भरतो, मला वणावरून कळतं. गाठ चांगली मारलेली होती, सुटली नसती. मी त्यांच्या तोंडासमोर वाकलो. त्यांनी विचारलं, "तू कुणाचा?" मी म्हणालो, "तुमचाच." मग म्हणाले, "माझ्या पाळीला तू नव्हतास."

त्यानंतर बाबा चार महिने होते. ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपणार नाही म्हणाले, त्यामुळे पुन्हा पाय जमिनीला लागला नाही. पाठीला जखमा झाल्या. शेवटी शेवटी गिळताही येईना. मी इथं गोड बोलायला उभा असलो तरी हे गोड करून सांगणार नाही. आई जवळ होती म्हणून ते बरे झाले नाहीत. त्यांनी आईला ओळखलं नाही, एकदासुद्धा नाही. त्यांना ती दुसऱ्या पाळीचा माणूस वाटायची. पण त्या चार महिन्यांत दोन वाजताचं एकही इंजेक्शन त्यांना द्यावं लागलं नाही. सिस्टर ड्यूटीवर असल्या की सिस्टर, नसल्या की दुसरं कुणी, मामांनीसुद्धा सह्या केल्यात. मामांची सही बघून बाबा म्हणायचे, "हा नवीन आहे. याच्यावर लक्ष ठेवा." मामा, हसू नका, वहीत आहे ते.

आईला अक्षरं जेमतेम येतात. शेवटच्या दिवशी तिनं हट्टानं स्वतः लिहिलं. "दोन वाजता चारज घेतला." आणि खाली सही म्हणून स्वतःचं नाव. दोन वाजून वीस मिनिटांनी ते गेले.

आज या वॉर्डात प्रत्येक फाइलला पहिलं पान "घरच्यांचं पान" म्हणून आहे. ते फोनवर भरत नाहीत. घरच्या माणसाला समोर बसवून, चहा देऊन, अर्धा तास विचारून भरतात. हा माणूस आयुष्यभर काय करत होता, किती वाजता काय करायचा, कशानं चिडतो, कुणाचा आवाज ओळखतो. मागच्या आठवड्यात आलेल्या एका शिंपीकाकांनी चादरीचे दोरे उसवून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. त्यांच्या सुनेनं पानावर लिहिलं, "हातात कापडाचा तुकडा द्या, काठ दुमडत बसतील." बसले. आणि दोन वाजता ड्यूटी बदलताना घरचं माणूस खाटेशी उभं असतं, त्यालाही विचारतात, "तुमच्याकडून काही?" डॉक्टरसाहेब सुरुवातीला म्हणाले होते, "हा वॉर्ड आहे की बसस्टँड?" आज तेच नवीन डॉक्टरांना आधी पहिलं पान वाचायला लावतात. हे सगळं मोठ्या सिस्टरांनी केलं. कुणाच्या आदेशानं नाही. एका बाईला बारा पावलं लांब ठेवल्यानं काय झालं, ते त्यांनी बघितलं होतं.

इथंच थांबलो असतो तर भाषण चांगलं झालं असतं. टाळ्यांची जागाही हीच होती. पण आईचा प्रश्न राहिलाय.

आई दीड वर्ष हा प्रश्न विचारते आहे. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेलं कुणीतरी तिला म्हणालं, "सुटलीस बाई, मार खाण्यातून." त्या दिवसापासून तिला रात्री झोप नाही. तिनं ठरवून टाकलं की खालच्या काकूंनीच सांगितलं असणार, त्यांनाच घरातलं ठाऊक. दीड वर्ष दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या बाईशी ती बोलत नाही. समोरून आल्या तर तोंड फिरवते. काकू मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बाळा, मी काय केलं रे?"

आता कागद खाली ठेवतो. पुढचं मी लिहिलेलं नाही. लिहायला घेतलं होतं, जमलं नाही.

अकराव्या दिवशी, मी आलो तेव्हा, मोठ्या सिस्टरांनी मला टेबलामागच्या छोट्या खोलीत नेलं. फाइल उघडली. एका ओळीवर बोट ठेवलं. पेशंट पत्नीला मारतात, हात मोडता मोडता राहिला. पुढं कंसात होतं, माहिती देणारा. त्याच्यापुढं काय लिहिलं होतं, ते त्यांनी मला वाचायला लावलं. मग विचारलं, "हे खरं आहे?"

मी म्हणालो, "नाही."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फाइल मिटली आणि म्हणाल्या, "आईंना तुम्ही सांगा. माझ्या तोंडून जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी आईनं भर वॉर्डात सिस्टरांना धरलं. "एवढं शिकलात तुम्ही, आणि लिहिता काय? तुमच्या कागदानं मोडला माझा माणूस! कुणी लिहिलं हे? तळतळाट लागेल तुम्हाला." सगळे बघत होते. सिस्टर मान खाली घालून उभ्या होत्या. म्हणाल्या, "हो ताई. कागद आमचाच आहे."

मी शेजारीच उभा होतो. माझ्या हातात चहाचा थर्मास होता. मी तो दुसऱ्या हातात घेतला. तेवढंच केलं. चौथ्या दिवशी बंदरावर परत गेलो.

सिस्टर नको म्हणतायत. सिस्टर, तुम्ही मान हलवू नका. दीड वर्ष तुम्ही धरून उभ्या आहात, रिलिव्हर आला नाही म्हणून. आज तुमची ड्यूटी संपते. भिंतीवरच्या घड्याळात दोनला सात मिनिटं आहेत. तुमच्याकडचं हे घरी न्यायचं नाही. ते माझं आहे. मी घेतो.

आई, क्लार्कला पहिल्या दिवशी मी "नाही" म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला आणि "हो" म्हणालो. त्यानं विचारलं, "कुणाला मारतात?" मी म्हणालो, "आईला." तो म्हणाला, "काही लागलं होतं का?" तेव्हा तुझा थरथरणारा हात आठवला, आणि तोच हात मी त्याला मोडता मोडता राहिला म्हणून सांगितला. मला वाटलं, खाट मिळेल, तुला झोप मिळेल, नंतर कुणीतरी दुरुस्त करेल. कागदावरचं कुणी दुरुस्त करत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक झाल्यावर मी गप्प बसलो. त्याला दुसरं कारण नाही. मी भ्यालो.

काकूंचा काही दोष नाही. सिस्टरांचा नाही. मारकुटा हा शब्द बाबांवर मी टाकला. बाबा नव्हते तसे. हे मी सगळ्यांसमोर सांगतो, कारण तो शब्द सगळ्यांसमोर फिरला.

अधीक्षक साहेब, एक विनंती आहे. बाबांची फाइल खाली रेकॉर्डरूममध्ये असेल. त्या ओळीखाली मला लिहू द्या की ही माहिती खोटी होती, आणि सही करू द्या. अक्षर माझं चांगलं नाही, पण वाचता येतं.

व्यासपीठावरच्या सर्वांचे, मला बोलू दिलंत म्हणून आभार. मोठ्या सिस्टर, तुमचे आभार मानायला मला शब्द शोधावे लागतील, ते सापडले की पत्र पाठवीन. मामांचे, मावशींचे, बाकावर जागा करून देणाऱ्या सगळ्यांचे आभार. वेळ जास्त घेतला. निरोपाच्या दिवशी नको ते बोललो. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर सभेनं मोठ्या मनानं पदरात घ्यावं. ही माफी भाषणापुरती आहे.

दुसरी जी मागायची आहे, ती माइकवरून मागत नाही.

आई, तू उठू नकोस. मीच खाली येतो.